रुईशी लग्न

रविवार, ९ मे १९९९

शुक्रवारी क्रिकेटचा विश्वचषक सुरू होतो, म्हणून सगळ्या तंजावूरला आपापला टीव्ही बिघडल्याचं आठवलंय. माळ्यावर धूळ खात पडलेले संच रिक्षात घालून माझ्या दुकानात आणतात आणि वर विचारतात, "गुरुवारपर्यंत होईल ना, सार?" नाही होणार. घाईचं काम करणारा बसस्टँडजवळ बसतो, त्याच्याकडे जा. त्याने जोडलेला संच उपांत्य फेरीसुद्धा बघत नाही.

मी आठवीनंतर शाळेत गेलो नाही. हे काम पुस्तकं समोर ठेवून शिकलो, आणि देवनागरीही तशीच. आमच्या घरात इतक्या पिढ्या मराठी बोलली जाते, पण वाचणारा मी एकटा. त्यामुळे ही वही उघडी टाकून गेलो तरी बिघडत नाही.

सकाळी बूथवर गेलो. घरी फोन अजून लागलेला नाही. गणेशकुमार काश्मीरला आहे, पायदळात शिपाई. रविवारी तो कीळवासलच्या एस.टी.डी. बूथवर फोन करतो आणि आम्ही नवरा-बायको तिथं जाऊन बसतो. बूथवर वासुकी नावाची पोरगी असते, तिरुवैयारूची. आम्ही पोचलो तेव्हा काचेच्या दारामागे तीच बोलत होती, हसत होती. मला पाहिल्यावर गडबडीने बाहेर आली. "आत्ताच आला सार, तुमचाच." आत्ताच आला म्हणे! शिपाई पदरमोड करून फोन करतो आणि या बाईसाहेब त्याच्याशी गप्पा मारतात. गंगाबाईला म्हटलं, तर ती उलट त्या पोरीसाठी डब्यातून मुरुक्कूच्या चकल्या घेऊन आलेली. "एकटी बसते हो दिवसभर." आमच्या घरात दयेला सुमार नाही.

गणेश म्हणाला, "अप्पा, इथं रात्री भारी कुळिर आहे."

"थंडी म्हण."

"थंडी. अप्पा, सीतारामरावांना अजून शब्द देऊ नका. मी आलो की बोलू."

"बोलायचं काय त्यात? पत्रिका जुळली. दिव्यश्री शिकलेली आहे, घरात मराठी बोलते. गावात मराठी बोलणाऱ्या मुली राहिल्यात किती?"

तो म्हणाला, "अम्माला द्या."

अम्माशी मात्र बराच वेळ बोलला. ती नुसतं "हो, हो, देते" म्हणत होती. काय देते, ते विचारल्यावर म्हणाली, "आशीर्वाद."

सोमवार, १७ मे

सीतारामरावांकडे जाऊन तांबूल दिलं. शब्द दिला. आवणीत, म्हणजे आपल्या श्रावणात, गणेश सुट्टीवर आला की लग्न. सीतारामराव कॉलेजात शिकवतात, तरी माझ्याशी बोलताना आवाज खाली ठेवतात. "फौजेतला जावई म्हणजे मान आहे, तुळजाजीराव." आहेच.

गंगाबाई आली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. परत येताना पाहतो तर बाईसाहेब बूथवर, हातात जाईचा गजरा, त्या वासुकीच्या वेणीत माळतायत. डोकं दुखणारी माणसं गजरे घेऊन हिंडत नाहीत. घरी आल्यावर चढ्या आवाजात बोललो. ती भांडी घासत राहिली.

गुरुवार, २७ मे

युद्धच आहे. काल विमानं गेली. दुकानात सहा संच चालू स्थितीत आहेत, सहाही ठिकाणी तोच बर्फ, तीच तोफ. राममूर्ती, टपाल खात्यातून निवृत्त झालेला माझा मित्र, रोज बाकावर बसून पेपर वाचतो. आज पेपर घडी करून म्हणाला, "कुठं आहे रे पोरगा नक्की?"

"वर."

"वर म्हणजे?"

"तुला नकाशा कळतो का? मग वर म्हणजे वर."

मलाही ठाऊक नाही. पडद्यावरच्या नकाशात बाण काढतात, बाणाखाली काय आहे ते सांगत नाहीत. शिखराला आकडा देतात. आकड्याच्या जागेसाठी माणूस मरतो आणि निवेदक टाय सरळ करतो.

मी गणेशला फौजेत जा म्हटलं नव्हतं. जाऊ नको असंही नाही. भरतीहून आला तेव्हा आल्या-गेल्याला सांगितलं, आमच्या घराण्यात तलवार होती. ती तलवार मी पाहिलेली नाही. माझ्या वडिलांनीही नाही.

रविवार, ३० मे

फोन आला. दोन रविवार चुकवून आला.

आवाज फाटका होता. वाटेत कुठल्या तरी तळावरून करत होता, मागे रांग लागलेली, कोणीतरी "जल्दी कर" म्हणत होतं.

"अप्पा, उद्या आम्ही पुढं जातोय."

"कुठं?"

"ते सांगायचं नाही. अप्पा, मला तुम्हाला एक सांगायचंय. तुम्ही रागावू नका. संक्रांतीनंतर मी आलो होतो ना, तेव्हा मी… तेव्हा आम्ही तिरुवैयारू…"

"तिरुवैयारूला. नीट वाक्य कर. घाईत बोललं म्हणून मोडकं बोलायचं नसतं."

मागून पुन्हा "जल्दी कर" ऐकू आलं.

"काही नाही अप्पा. तब्येत सांभाळा. अम्माला द्या."

गंगाबाई रडली. तिच्या हातातून फोन त्या वासुकीने घेतला, म्हणाली, "बिलाचं बघायचंय," आणि दार लावून आत कितीतरी वेळ उभी. आलेल्या फोनचं बिल कसलं? काचेतून दिसत होतं, तोंडावर हात ठेवून बोलत होती. परत येताना मी म्हटलं, या पोरीच्या मालकाला एकदा सांगायला हवं. गंगाबाई रस्त्यात थांबली. म्हणाली, "तुम्ही एक शब्द बोललात तर मी माहेरी जाईन." ज्या बाईने इतक्या वर्षांत मला उलट उत्तर दिलं नाही, ती एका बूथवालीसाठी!

बुधवार, ९ जून

काल पाकिस्तानशी सामना होता. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. बाहेर सायकली आडव्या. मधेच मी बातम्यांना संच लावला, तर पोरं ओरडली, "अण्णे, मॅच! मॅच लावा!" लावली. आपण जिंकलो. फटाके. एक दाढीवाला पोरगा माझ्या काउंटरवर चढून म्हणाला, "युद्ध जिंकलं! त्यांना तुडवलं!"

मी भिंतीतला मुख्य खटका खाली ओढला. सहाही पडदे काळे.

"कोण जिंकलं? तू? उतर खाली."

"काय झालं अण्णे, करंट गेला का?"

राममूर्ती म्हणाला, "त्याचा पोरगा वर आहे रे." सगळे मुकाट्याने निघून गेले. एकाने जाताना पायरीवर सांडलेला चहा चपलेने पुसला. मला त्याचाच सर्वांत जास्त राग आला.

बुधवार, २३ जून

काल दुपारी तहसीलदार कचेरीतला माणूस आला, बरोबर एक सुभेदार. मी फिलिप्सच्या जुन्या संचाची पाठ उघडून बसलो होतो. सुभेदार तमिळमध्ये म्हणाला, "गणेशकुमारचे वडील?" मी म्हटलं, थांबा, एवढा एक सांधा जोडून घेतो. जोडला. मग हात पुसले.

छातीत गोळी. एका खडकामागून जखमी सोबत्याला ओढून आणत होता. सोबती वाचला. सुभेदाराने हे दोनदा सांगितलं, जणू त्याने काही कमी होणार होतं.

घरी जाऊन गंगाबाईला सांगितलं. ती जमिनीवर बसली आणि म्हणाली, "तिला कोण सांगणार?" मी विचारलं कुणाला.

पार्थिव कधी येणार ते विचारायला फोन करायचा, म्हणून आज बूथवर गेलो. बूथ बंद! इतके महिने सुट्टी न घेणारी पोरगी आज, नेमकी आज, बूथ बंद करून गेली. शेजारचा पानवाला म्हणाला, अम्मा मघाशी रिक्षाने येऊन तिला घेऊन गेल्या. कुठल्या अम्मा? मला ऐकायला वेळ नव्हता. शटरवर लाथ मारली. अंगठ्याचं नख उखडलं.

शनिवार, २६ जून

काल सगळं झालं. जसं झालं तसं लिहितो.

त्रिचीला विमानाने पेटी आली, तिथून फौजेच्या ट्रकने गल्लीच्या तोंडापर्यंत. पुढे जवानांनी खांद्यावर आणली. पेटी उघडू नका म्हणत होते. मी उघडायला लावली. गणेशच होता. हनुवटीखाली वस्तऱ्याची जुनी खूण, तिथेच.

कलेक्टर कचेरीची माणसं, शाळेची मुलं, सगळा राजवाडा परिसर. सीतारामराव हार घेऊन उभे. ऊन असं की बंदुका धरलेल्या जवानांचे सदरे पाठीला चिकटलेले.

पुरोहित सेतुरामभटांना मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं: मुलगा अविवाहित आहे, दहनाआधी अर्कविवाह व्हायला हवा. लग्न न झालेल्याला तसाच पाठवायचा नसतो, रुईच्या झाडाशी त्याचं लग्न लावतात, मगच अग्नी. हे मी धर्मशास्त्राच्या पुस्तकात स्वतः वाचलंय. सेतुरामभट कुरकुरले.

"तुळजाजीराव, आता कोण करतं ते? पलटणीची माणसं उन्हात आहेत. संकल्प सोडू आणि पुढं जाऊ."

"कोण करत नाही म्हणून मी सोडायचं? फांदी आणलीत का?"

आणली होती. वडवार नदीच्या काठावरची रुई, पांढरा चीक अजून गळत होता. तिला पिवळा दोरा गुंडाळला. गणेशच्या हाताला लावायची म्हणून भट वाकले.

गंगाबाई घरातून बाहेर आली आणि तिने ती फांदी धरली.

"त्याचं लग्न झालंय."

मला वाटलं हिचं भान सुटलं. माझी थोरली बहीण कनकलताअक्का तिला सावरायला धावली.

"सोडा मला, वन्सं. झालंय म्हणते ना! संक्रांतीनंतर, तिरुवैयारूच्या देवळात. मी होते. हे तेव्हा मद्रासला गेले होते, त्या जपानी टीव्ही कंपनीच्या शिबिराला."

"कुणाशी?" मी विचारलं. सगळ्या गल्लीसमोर, सरकारी माणसांसमोर मला हे विचारावं लागलं.

तिने समोर बोट केलं. पलीकडच्या भिंतीला टेकून ती वासुकी उभी होती. केस न विंचरलेले, ब्लाउज एका रंगाचा, साडी दुसऱ्या. मला एकदम सगळे रविवार दिसले.

"मला का नाही सांगितलं?"

"तो सांगतच होता हो. दर रविवारी सांगत होता. तुम्ही ऐकत कुठे होता? चुका काढत होता."

सीतारामरावांनी हार तिथल्याच एका खुर्चीवर ठेवला आणि मान खाली घालून गर्दीतून निघून गेले. माझा शब्द गेला. अक्का म्हणाली, "कसलं लग्न? ना भाऊबंद, ना आपला भटजी. पोरींचं काय, कुणीही उभी राहील आणि म्हणेल मी बायको. भटजी, चालू करा. तुळजा, सांग ना त्यांना!"

सगळे माझ्याकडे बघत होते. सेतुरामभटांच्या हातात फांदी. त्या वेळी माझ्या डोक्यात काय होतं ते प्रामाणिकपणे लिहितो: त्या पोरीला हाकलावं. गंगाबाईच्या थोबाडीत मारावी. आणि पेटीतल्याला उठवून विचारावं, मी काय वाघ होतो?

मी पलीकडे गेलो. त्या पोरीला तमिळमध्ये विचारलं, "अग्नी होता?"

"होता, सार."

"सप्तपदी?"

"झाली. सातवं पाऊल त्यांनी मोठं टाकलं, मला गाठायला धावावं लागलं." एवढं बोलली आणि तोंड पदरात घातलं.

मी परत आलो. भटांना म्हटलं, "रुई फेकून द्या."

"म्हणजे?"

"विवाहित माणसाचा अर्कविवाह होत नाही. शास्त्र आहे. फेका."

मी शास्त्राचं बोललो. तिला सून म्हटलं नाही. हे इथं स्पष्ट लिहून ठेवतो.

आमच्यात बायका श्मशानात येत नाहीत. ती आली, गंगाबाईचा हात धरून. लोक बघत होते मी अडवतो का. चितेवर ठेवण्याआधी कप्तानाने पेटीवरचा झेंडा घडी करून हातात घेतला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. केरळचा असावा, गणेशच्याच वयाचा. मी म्हटलं, "मला नको. त्याची बायको मागे उभी आहे." आवाज चढलेला होता. त्याला वाटलं मी त्याच्यावर ओरडतोय.

बुधवार, ३० जून

कीळवासलच्या चौकात गणेशचा फलक लावलाय. रंगाऱ्याने चेहरा त्याचा काढलाय आणि धड दुसऱ्या कुणाचं, खांद्यावर अधिकाऱ्याच्या फिती. मागे किल्ला, तलवार. खाली लावणाऱ्यांची नावं त्याच्या नावापेक्षा मोठी. मी शिडी आणायला निघालो होतो. राममूर्तीने धरून बसवलं. "काढून काय करशील? उद्या आणखी मोठा लावतील."

दुकान बंद आहे. टीव्ही बघवत नाही. काल गणेश पडला ते आकड्याचं शिखर दाखवलं, वर झेंडा. निवेदक म्हणाला, अमुक इतके मोहरे गमावून. मोहरे! बुद्धिबळ मांडलंय का?

गंगाबाईशी बोलत नाही. जेवायला वाढते, मी जेवतो. रागावण्याचा हक्क माझा आहे. तरी अपराध्यासारखा मीच भिंतीकडे तोंड करून जेवतो, हे मला समजत नाही.

वासुकी या घरात आलेली नाही. मी बोलावलेलं नाही, आणि ती आपणहून येणाऱ्यांतली दिसत नाही.

रविवार, ४ जुलै

आज दहावा. पिंड दिला. कावळा लगेच आला. सेतुरामभट म्हणाले, भाग्यवान. मी म्हटलं, पुढचं बोला.

घरी आलो तर वासुकी दाराबाहेर तिण्णैच्या ओट्यावर बसलेली, शेजारी तिचा म्हातारा मामा. गंगाबाईने बोलावून घेतलं होतं. दहाव्याचा विधी नवऱ्याच्या घरी व्हावा लागतो ना. मी तिच्यासमोर उभा राहिलो.

"तीस मेला, तू फोन घेऊन दार लावल्यावर, तो काय म्हणाला?"

तिने मान वर केली. "म्हणाले, अप्पांना सांगायचं पुन्हा राहिलं. वर जाऊन येतो, म्हणजे थोडं धाडस येईल. मग सांगतो."

"तो भित्रा नव्हता!" मी ओरडलो. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या.

"नव्हते, सार," ती म्हणाली.

आत अक्का आणि चार बायका तयार होत्या. आमच्यात काय, तमिळ घरांत काय, रीत एकच: विधवेला शेवटचं सजवायचं. नवी साडी, हातभर काचेच्या बांगड्या, डोक्यात फुलं. आणि मग सगळ्यांनी मिळून एकेक उतरवायचं. बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, शेवटी गळ्यातलं. वासुकीला पाटावर बसवली. सजवलं. ती दगडासारखी बसून होती. या घराच्या उंबऱ्यातून ती पहिल्यांदा आत आली होती ती यासाठी. तिच्यासाठी ना कुणी माप ओलांडायला ठेवलं होतं, ना कुणी आरती ओवाळली होती.

आदल्या रात्री मी पुस्तकं उघडून बसलो होतो. पत्नी म्हणून पहिल्यांदा घरी येते ती विधवा होऊनच येते, तिच्यासाठी काय? कशातच काही नाही. लिहिणाऱ्यांना सुचलंच नाही. मी ती पुस्तकं देवासारखी जपली.

अक्काने तिच्या मनगटाला हात घातला. पोरीने हात मागे घेतला.

"नको."

"नको काय? रीत आहे."

"ते एकदा बांगड्या पाठवणार होते," ती म्हणाली. "मला या अजून नीट बघायच्यात."

"ऐकलंत का हिचं?" अक्काने आणखी एकीला खूण केली. दोघींनी तिचे दंड धरले. गंगाबाई खांबाला धरून उभी.

"हात सोड, अक्का."

"तुळजा, हे बायकांचं आहे. तू बाहेर जा."

"हे घर माझं आहे. तिच्या गळ्यात जे बांधताना मला दाखवलं नाही, ते उतरवतानाही मी बघणार नाही."

"मग बघू नकोस. आत जा, डोळे मीट."

"मी इथून हलणार नाही." मी पाटाशेजारी जमिनीवर मांडी घालून बसलो. गुडघा दुखतो, तरी बसलो.

"लोक काय म्हणतील? विधवा हातभर बांगड्या घालून हिंडते? शास्त्र शास्त्र करून आमचं डोकं खाल्लंस जन्मभर, आणि आता?"

मी म्हटलं, "आता नाही."

अक्का उठली. म्हणाली, या घरात पाणी पिणार नाही. बायका तिच्यामागे गेल्या, विधीचं ताट तसंच टाकून. गल्ली ओलांडून समोरच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथून आत बघू लागल्या.

गंगाबाईने पानं मांडली. एक माझं, एक वासुकीच्या मामाचं, एक वासुकीचं. मग म्हणाली, "ये गं."

वासुकी उठली. उठताना दोन्ही हातांतल्या बांगड्या वाजल्या. तिने दचकून त्या दाबून धरल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

"वाजू देत," मी म्हटलं.

समोरच्या बायका अजून उभ्या होत्या. गंगाबाई दार लावायला निघाली.

"उघडं राहू दे," मी म्हटलं. "बघू देत."